बारा टक्के

विश्रामबागेत, दातांच्या दवाखान्यामागच्या गॅरेजात
मंगळवार-शुक्रवार, चार ते सहा.
चाकावर बसू देण्याआधी रेणू कोरे हातात कागद देतात.
"वाडगा काढा. पण आधी सांगा, कशासाठी?"

पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले चौगुले अण्णा म्हणाले, शोकेससाठी.
फार्मसीची पोरगी म्हणाली, नूडल्स.
मी गप्प.
तीस वर्षं गिऱ्हाइकाला मीच विचारत आले
रोजचा शिवायचा की लग्नाचा,
आज माझ्यावर पाळी.

पेन्सिल फिरवली तर कागदावर गळा निघाला.
मागचा, खोल, नऊ इंची.
रेणूताई हसल्या नाहीत.
"चालेल की. आता याला बसायला तळ द्या."

घरी टेप काढली.
यांचा उजवा हात दोन वर्षं झाली, ऐकत नाही.
स्टीलची वाटी ताटभर पळते,
आमटी सदऱ्यावर,
आणि त्यावर बोलायचं नाही
हे आमच्यात न बोलताच ठरलेलं.
दुपारी झोपेत मी तळव्याची रुंदी घेतली,
मग बोटं मिटल्यावर आत उरते ती पोकळी.
डोळे न उघडता म्हणाले,
"बाही जरा ढिली ठेव."

मातीची तशी जुनी ओळख.
पुराच्या साली मशीनच्या पोटातून
चमच्याने उकरला होता कृष्णेचा गाळ.
बॉबिनच्या पेटीत, कात्रीच्या सांध्यात,
एकाच लग्नाच्या अकरा ब्लाउजांच्या अस्तरात.
घमेल्या-घमेल्याने टाकला रस्त्यावर.
आता किलोवर पैसे मोजून आणते
आणि पिशवीची गाठ सोडली की
तोच वास.
रेणूताईंना हे सांगितलं नाही.
त्यांच्या गल्लीत पाणी चढलं नव्हतं.

चाकाला पायडल आहे, हाच घोटाळा.
पाय आपसूक सरळ शिवणीचा वेग धरतो,
गोळा भेलकांडतो,
चिखल चौगुले अण्णांच्या चष्म्यावर.
मधोमध यायलाच तीन आठवडे गेले.
मग तळ रुंद ठेवला, जड,
एका अंगाला काठ आत वळवला
चमचा टेकून भरता यावा म्हणून,
आणि अंगठ्यापुरता एक खळगा.
तो करताना मी माझा अंगठा वापरला नाही,
लाटण्याचं टोक वापरलं. यांचा अंगठा जाड आहे.

सुकताना, भाजताना माती बारा टक्के आटते
असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
आणि मी, जी बायकांना दम देते
की सुती कापड भिजवून आणा, मगच माप,
मीच विसरले.
भट्टीतून आलेला वाडगा तळव्यावर ठेवून
हे म्हणाले, "बारशाचा आहे का?"
आणि इतके हसले
की हात कशाने हलतोय ते कळेना.
त्यात आता टाचण्या असतात.

मग वहीच्या मागच्या पानावर हिशोब:
साडेचार इंच हवेत तर
ओल्या मातीत पाच, वर एक सूत.
झिलईला मी हळदी रंग मागितला होता,
मार्केट यार्डात पोतं फुटल्यावर दिसतो तसला.
निघाली काकवी.
रेणूताई म्हणाल्या, भट्टीच्या मनात काय ते आपल्याला कळत नाही.
मी म्हटलं, रंगाऱ्याचंही असंच असायचं,
मॅचिंग सांगावं एक, यावं एक.

पहिल्या दिवशी त्यात कटाची आमटी वाढली.
वाडगा जागचा हलला नाही.
थोडी सांडली.
पूर्वीपेक्षा कमी, की तितकीच,
मी मुद्दाम भाकरी थापायला उठले होते.

परवा म्हणाले, एक तुझ्यासाठी कर.
कुणीतरी माझं माप घ्यायची ही पहिलीच वेळ.
टेप त्यांनी धरली, डाव्या हाताने,
टोक सुटलं, पुन्हा धरलं,
खिडकीकडे वळून आकडा वाचला.
चुकीचा होता, चांगला अर्धा इंच.
मी तोच लिहून घेतला.